कोलोराडोच्या स्की टाउनमध्ये घर घेणं आणि विकणं: समिट काउंटीची पायरी-पायरीने सविस्तर माहिती

डेन्व्हर भागातल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये दर हिवाळ्यात हा विषय निघतोच. दोन-चार वीकेंड ब्रेकनरिजला हॉटेलचं भाडं भरलं की कोणीतरी म्हणतं, अरे एवढे पैसे हॉटेलला देण्यापेक्षा एक छोटा कॉन्डोच घेऊन टाकू, आपण नसू तेव्हा एअरबीएनबीवर लावू, हप्ता आपोआप निघेल. कधीकधी निघतोही. पण डेन्व्हरमध्ये घर घेतल्याचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो, कारण स्की टाउनमध्ये घराची खरी किंमत खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरापेक्षा कागदावरच्या नियमांवर ठरते. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आधी कागद बघा, मग व्ह्यू बघा. खाली सगळं समिट काउंटी धरून लिहितोय, म्हणजे ब्रेकनरिज, फ्रिस्को, डिलन, सिल्व्हरथॉर्न, कीस्टोन आणि कॉपर माउंटन. व्हेल किंवा पार्क सिटीसारख्या दुसऱ्या स्की टाउनला जायचं असेल तर प्रश्न हेच विचारा, उत्तरं मात्र तिथली घ्या.

आधी हे समजून घ्या की इथे घरं महाग का

काउंटीची साधारण ८० टक्के जमीन सरकारी आहे, त्यातली बहुतेक व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टची. स्कीचे उतारसुद्धा मुख्यतः फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर परमिट घेऊन चालतात. म्हणजे बांधायला जागा उरते ती दरीतल्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि त्याच पट्ट्यात टुरिस्ट, सेकंड होमवाले आणि लिफ्ट चालवणारे, हॉटेलात काम करणारे, शाळेत शिकवणारे सगळे जागा शोधत असतात. इथले जवळजवळ सगळे नियम या ओढाताणीतून आलेत, त्यामुळे त्यांच्यावर वैतागण्यात अर्थ नाही, लोकल माणसाला राहायला जागा नसेल तर लिफ्ट चालवणार कोण?

लिस्टिंग चाळताना एखादं घर आजूबाजूच्या मानाने एकदम स्वस्त दिसलं तर पहिली शंका डीड रिस्ट्रिक्शनची, म्हणजे मालकीच्या कागदातच घातलेल्या अटींची घ्या. अशी घरं काउंटीत काम करणाऱ्यांसाठीच राखीव असतात, साधारणपणे आठवड्याला सरासरी ३० तास तरी काउंटीतच काम पाहिजे अशी अट असते आणि काहींवर पुढे किती भावाने विकायचं त्याचीही मर्यादा असते. डेन्व्हरला नोकरी करून वीकेंडला जायला ती घरं मिळत नाहीत, आणि मिळू नयेतच.

पायरी १: घर नक्की कशाला पाहिजे ते ठरवा

स्वतः वापरायला, भाड्यावर चालवायला, की थोडं हे थोडं ते? हे घरातल्या सगळ्यांनी बसून आधीच ठरवा, कारण लोन, टॅक्स, इन्शुरन्स आणि लायसन्स सगळंच यावर फिरतं. टॅक्सचे काही आकडे डोक्यात ठेवा. वर्षात १५ दिवसांपेक्षा कमी भाड्याने दिलंत तर त्या भाड्यावर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही. त्याच्यापेक्षा जास्त दिलंत आणि स्वतःही वापरलंत तर १४ दिवस किंवा भाड्याने दिलेल्या दिवसांच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल त्याच्यापलीकडे स्वतःचा वापर गेला की खर्च वजा करण्यावर मर्यादा येतात. पुढे कधी १०३१ एक्सचेंज (भाड्याची प्रॉपर्टी विकून त्या पैशात दुसरी घेऊन टॅक्स पुढे ढकलणं) करायचा विचार असेल तर पहिल्या वर्षापासून वापराच्या दिवसांची डायरी ठेवा, कोण कधी राहिलं, भाडं घेतलं की नाही, सगळं. सीपीए (टॅक्सचा अकाउंटंट) नंतर हेच मागतो आणि तेव्हा कोणाला काही आठवत नसतं.

भाड्याचं गणित करताना डिसेंबरचा शेवटचा आठवडा बघून पूर्ण वर्षाचा अंदाज बांधू नका. ख्रिसमस ते न्यू इयर, प्रेसिडेंट्स डे आणि मार्चमधला स्प्रिंग ब्रेक इथे मोठा पैसा येतो, जुलै-ऑगस्टही बरा जातो, पण एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत आणि परत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ज्याला इकडे मड सीझन म्हणतात, गाव शांत असतं. मॅनेजमेंट कंपनीला दिलंत तर भाड्याचा चौथा हिस्सा ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, वर क्लीनिंग, हॉट टबचं मेंटेनन्स, फर्निचरची मोडतोड. एजंटने दाखवलेला ग्रॉस आकडा बाजूला ठेवा आणि विकणाऱ्याकडून मागच्या दोन-तीन वर्षांची महिन्यावार स्टेटमेंट्स मागा.

पायरी २: लायसन्सचा नकाशा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, इथे वेळ घाला. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने द्यायचं तर शॉर्ट टर्म रेंटल लायसन्स लागतं, आणि प्रत्येक गावाचे नियम वेगळे. ब्रेकनरिजने २०२१ मध्ये लायसन्सवर मर्यादा घातली आणि २०२२ मध्ये गावाचे झोन पाडले. लिफ्टच्या जवळच्या टुरिझम झोनला जास्त लायसन्स, डाउनटाउनला थोडी, आणि राहत्या वस्तीच्या झोन ३ मध्ये फक्त ३९०. नियम आला तेव्हाच झोन ३ मधली लायसन्स त्या आकड्याच्या वर होती, त्यामुळे तिथे आज घर घेऊन उद्या भाड्याने लावता येईल हे डोक्यातून काढूनच टाका.

आणि हे ठळक अक्षरात लिहून ठेवा, लायसन्स घराबरोबर विकलं जात नाही. विकणाऱ्याचं लायसन्स विक्रीबरोबर संपतं, घेणाऱ्याने नव्याने अर्ज करायचा आणि जागा नसेल तर वेटिंग लिस्टला उभं राहायचं. लिस्टिंगमध्ये "उत्तम रेंटल हिस्टरी" लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं, पण ती हिस्टरी विकणाऱ्याची, तुमच्या वाट्याला ती येईलच असं नाही.

गावाच्या हद्दीबाहेर काउंटीचे नियम चालतात. तिथे रिसॉर्ट भाग आणि नेबरहूड भाग असे दोन प्रकार आहेत. नेबरहूडमध्ये लायसन्सची संख्याही बांधलेली आहे आणि २०२३ च्या नियमांनी वर्षाला ३५ बुकिंगची मर्यादाही आली. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे नियम असू शकतात, म्हणून पत्त्यावर "ब्रेकनरिज" लिहिलंय म्हणून घर टाउनच्या हद्दीत आहे असं धरू नका. टपालाचा पत्ता वेगळा, हद्द वेगळी. टाउन किंवा काउंटीच्या ऑफिसला पार्सल नंबर (त्या जमिनीचा सरकारी नंबर) देऊन ईमेलने विचारा, कुठला झोन, आज लायसन्स मिळेल का, वेटिंग किती. उत्तर लेखी घ्या. फोनवर "हो मिळेल बहुतेक" असं कोणी सांगितलं तर त्याला काही किंमत नाही.

खर्चही धरा. ब्रेकनरिजला बेडरूममागे वर्षाला रेग्युलेटरी फी असते, २०२३ साली ती ७५६ डॉलर होती. शिवाय सेल्स टॅक्स, लॉजिंग टॅक्स आणि गावांच्या हद्दीबाहेरच्या घरांना काउंटीने २०२२ च्या निवडणुकीत मंजूर करून घेतलेला २ टक्के एक्साइज टॅक्स. हे पाहुण्यांकडून वसूल होतात खरे, पण ज्या बुकिंगचा टॅक्स साइट भरत नाही त्याचं रिटर्न वेळेवर भरायची जबाबदारी तुमची.

लायसन्स झालं तरी काम संपत नाही हं, एचओए (बिल्डिंगची किंवा वसाहतीची मालकांची सोसायटी) स्वतःचे नियम करू शकते आणि टाउनने हो म्हटलं तरी एचओए नाही म्हणू शकते.

पायरी ३: लोन आणि पैसा

सेकंड होम म्हणून लोन घेतलं तर डाउन पेमेंट १० टक्क्यांपासून चालू शकतं, इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलं तर जास्त भरावं लागतं आणि रेटही वर जातो. काही लोक भाड्याने चालवायचं घर सेकंड होम म्हणून दाखवतात, ते लोनच्या अर्जावर खोटं लिहिणं आहे, त्या भानगडीत पडू नका.

दुसरा अडथळा बिल्डिंगचा. जिथे फ्रंट डेस्क आहे, रोजच्या रोज बुकिंग होतं, हॉटेलसारखं चालतं, त्याला कॉन्डोटेल म्हणतात आणि फॅनी मे (बँकांकडून घराची लोन विकत घेणारी मोठी संस्था) अशा बिल्डिंगमधली लोन घेत नाही. मग लोकल बँकेचं पोर्टफोलिओ लोन (जे बँक पुढे न विकता स्वतःकडेच ठेवते), २५-३० टक्के डाउन, नाहीतर कॅश. लिफ्टच्या पायथ्याशी असलेल्या बऱ्याच बिल्डिंगना हे लागू होतं, म्हणून घर आवडायच्या आधी लोन ऑफिसरला बिल्डिंगचं नाव द्या आणि इथे लोन केलंय का ते विचारा. डेन्व्हरच्या मोठ्या बँकेपेक्षा डोंगरातल्या लेंडरला हे एका मिनिटात माहीत असतं.

भारतातून आई-बाबा किंवा भाऊ पैसे घालणार असतील तर एलआरएस (भारतातून परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) खाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, घरातले मिळून एकत्र पाठवू शकतात पण ज्यांचे पैसे त्यांचं नाव मालकीत पाहिजे. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला टॅक्स) कापते, तो पुढे रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोपर्यंत तेवढी रक्कम अडकते. भारतातल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दरवर्षी दाखवायचं, यात हयगय नको.

पायरी ४: एचओएची कागदपत्रं

समिटमधले खूप कॉन्डो ७० आणि ८० च्या दशकातले आहेत. लाकडी बांधकाम, लाकडी बाल्कन्या आणि वर दरवर्षी बर्फ. महिन्याची एचओए फी हजार डॉलरच्या आसपास किंवा वर बघून घाबरू नका, त्यात बऱ्याचदा हीटिंग, बर्फ काढणं, हॉट टब, इंटरनेट, बिल्डिंगचा इन्शुरन्स असं सगळं असतं. उलट एखाद्या जुन्या बिल्डिंगची फी फारच कमी असेल तर मला जास्त काळजी वाटते, म्हणजे छपरासाठी कोणी पैसे साठवत नाहीये.

कॉन्ट्रॅक्ट झालं की बजेट, रिझर्व्ह स्टडी (मोठ्या दुरुस्त्यांसाठी पैसे पुरेसे साठवलेत का याचा अहवाल), इन्शुरन्स आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) येतात. मिनिट्स ओळन् ओळ वाचा. कसं असतं बघा, एका वर्षी लिहिलेलं असतं की उत्तरेकडच्या डेकची तक्रार आली, मॅनेजर बघतील. पुढच्या मीटिंगला, डेकसाठी तीन कोट्स मागवले. त्याच्या पुढच्या मीटिंगला, कोट्स जास्त आहेत, विषय पुढे ढकलला. आणि मग एक छोटी ओळ, पैसे उभे करण्याच्या पर्यायांवर चर्चा. ही शेवटची ओळ म्हणजे स्पेशल असेसमेंट (सगळ्या मालकांकडून वेगळी घेतली जाणारी वर्गणी) दारात उभी आहे आणि ती प्रत्येक फ्लॅटमागे हजारो डॉलरची असू शकते. अशी ओळ दिसली की लगेच लेखी विचारा, किती, कधी, आणि क्लोजिंगच्या (व्यवहार पुरा होण्याच्या) आधी मंजूर झाली तर विकणारा भरणार का, आणि ते कॉन्ट्रॅक्टमध्ये घाला.

मास्टर पॉलिसीचं (पूर्ण बिल्डिंगच्या इन्शुरन्सचं) डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण भरायचा हिस्सा, तोही बघा. ते मोठं असेल तर स्वतःच्या एचओ-६ (कॉन्डो मालकाच्या) पॉलिसीत लॉस असेसमेंट कव्हर (सोसायटीने वाटून लावलेल्या नुकसानीचं) वाढवून घ्या, महाग नसतं. पार्किंग किती, कुत्रा चालतो का, भाडेकरूला कुत्रा चालतो का, स्की लॉकर नावावर आहे की नुसता वापरायला, हेही याच कागदांत मिळतं.

पायरी ५: प्रत्यक्ष घर बघताना

पहिलं काम, होकायंत्र काढा. मोबाइलमधलं चालतं. ड्राइव्हवे उत्तरेकडे असेल, त्यावर घराची सावली पडत असेल आणि उतारही असेल तर नोव्हेंबरात जमलेला बर्फ एप्रिलपर्यंत तिथेच असतो, दगडासारखा. दक्षिणेकडचा ड्राइव्हवे दोन दिवस ऊन पडलं की मोकळा होतो. शेजारी-शेजारी दोन घरं, एकाच किमतीची, आणि हा एवढा फरक. मग वर बघा, छपरावरचा बर्फ घसरून कुठे पडणार? मेटल रूफवरून तो एका दमात खाली येतो, आणि त्याच्या खाली पुढचं दार, डेक किंवा गॅसचा मीटर असेल तर ते धोक्याचं आहे. प्लाऊवाला बर्फ कुठे ढकलणार तेही विचारा, नाहीतर पाहुण्यांच्या पार्किंगच्या जागेवर मार्चपर्यंत डोंगर उभा असतो.

छपराच्या कडेने लोंबणारे मोठमोठे बर्फाचे सुळे फोटोत छान दिसतात पण त्याचा अर्थ बऱ्याचदा असा की घरातली उष्णता ॲटिकमधून गळतेय, बर्फ वितळून कडेला परत गोठतोय आणि मागे साठलेलं पाणी छताच्या आत शिरतंय. याला आइस डॅम म्हणतात. वरच्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीजवळच्या सीलिंगचे कोपरे नीट बघा, पिवळट डाग किंवा नव्याने रंगवलेला एकच पट्टा दिसतोय का. हीट टेप (कडेचा बर्फ वितळवणारी विजेची तार) लावली असेल तर ती चालू करून दाखवायला सांगा.

इन्स्पेक्शन हिवाळ्यात असेल तर छप्पर, डेक, सेप्टिक टाकीचं झाकण सगळं बर्फाखाली. मग इन्स्पेक्टरला थर्मल कॅमेरा आणायला सांगा, विकणाऱ्याकडून उन्हाळ्यातले फोटो आणि छपराची बिलं मागा. बॉयलर किती जुना, सीवर लाइनचा कॅमेरा आणि रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू), या तीन गोष्टी वगळायच्या नाहीत. कोलोराडोत साधारण निम्म्या घरांत रेडॉनचं प्रमाण ४ पिकोक्युरीच्या वर सापडतं आणि २०२३ च्या कायद्याने विकणाऱ्याने त्याची माहिती द्यायची असते.

गावाबाहेरचं स्वतंत्र घर असेल तर विहिरीचं परमिट वाचा, काही परमिटवर फक्त घरातला वापर चालतो, बाहेर बाग शिंपता येत नाही. सेप्टिक किती बेडरूमसाठी मंजूर आहे तेही बघा, लिस्टिंगमध्ये पाच बेडरूम आणि सेप्टिक तीनचं असं असू शकतं. आणि रस्ता हिवाळ्यात कोण साफ करतं, काउंटी, असोसिएशन की कोणीच नाही?

एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. ब्रेकनरिज ९,६०० फुटांवर आहे. भारतातून आलेल्या आई-बाबांना विमानतळावरून थेट तिथे नेऊ नका, डेन्व्हरला दोन-तीन दिवस काढा, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घर घेताना बेडरूम आणि बाथरूम एंट्रीच्याच मजल्यावर आहे का हे त्यांच्यासाठी बघा, त्या उंचीवर जिना चढताना धाप लागते. आणि तिथे पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, प्रेशर कुकर तिथलाच एक ठेवून द्या.

पायरी ६: ऑफर, डेडलाइन आणि इन्शुरन्स

कोलोराडोत रिअल इस्टेट कमिशनने मंजूर केलेलं ठरावीक कॉन्ट्रॅक्ट वापरतात आणि त्यात तारखांचं मोठं टेबल असतं. इन्स्पेक्शन ऑब्जेक्शन, एचओए कागदपत्रं, टायटल, इन्शुरन्स, अप्रेझल, लोन, प्रत्येकाची वेगळी डेडलाइन. ती हुकली की त्या कारणाने बाहेर पडायचा हक्क गेला आणि अर्नेस्ट मनी (बयाणा) धोक्यात. टेबल प्रिंट काढून फ्रिजवर लावा, एजंटवर सोडून देऊ नका. एकाच एजंटने दोन्ही बाजूंची वकिली करणं कोलोराडोत चालत नाही, दोघांचं काम एकच माणूस करत असेल तर तो ट्रान्झॅक्शन ब्रोकर असतो, म्हणजे तटस्थ, तुमच्या बाजूने भांडणारा नाही. लिस्टिंग एजंटलाच धरून स्वस्तात होईल असं वाटत असेल तर हे लक्षात घ्या.

इन्शुरन्स ऑफर मान्य झाल्याच्या पहिल्याच दिवशी बघायला घ्या. जंगलाला लागून असलेल्या घरांना आता पॉलिसी मिळणंच अवघड होत चाललंय, मिळाली तरी महाग. जून २०१८ मध्ये सिल्व्हरथॉर्नजवळ बफेलो माउंटनला आग लागली तेव्हा १,४०० च्या आसपास घरं रिकामी करावी लागली होती, आणि ती वाचली त्यात आधीच झाडं तोडून तयार केलेल्या मोकळ्या पट्ट्यांचा मोठा हात होता. तेव्हा घराभोवती किती मोकळी जागा आहे, पाइनची वाळलेली झाडं किती जवळ आहेत, फायर हायड्रंट कुठे आहे हे तुम्हीही बघा, इन्शुरन्सवाला बघणारच आहे. कुठेच पॉलिसी मिळाली नाही तर २०२५ पासून राज्याचा फेअर प्लॅन आहे, घरासाठी ७,५०,००० डॉलरपर्यंत, पण तो शेवटचा पर्याय समजा.

क्लोजिंग टायटल कंपनीत (मालकीचे कागद तपासणाऱ्या कंपनीत) होतं, वकील सहसा नसतो. ब्रेकनरिज आणि फ्रिस्कोमध्ये किमतीवर १ टक्का ट्रान्सफरचा खर्च आहे, डिलन आणि सिल्व्हरथॉर्नमध्ये नाही. काही रिसॉर्ट व्हिलेजमध्ये असोसिएशनची स्वतःची ट्रान्सफर असेसमेंट असते, ती टायटलच्या कागदांत शोधा. हा १ टक्का कोण भरणार ते बोलून ठरतं, दहा लाख डॉलरच्या घरावर १०,००० डॉलर होतात, ऑफरमध्येच लिहा.

विकायची वेळ आली की

तयारी सहा महिने आधीपासून. पहिलं काम, फोटो दोन्ही ऋतूंचे. बर्फातले फोटो फेब्रुवारीतच काढून ठेवा, कारण बरीच लिस्टिंग मड सीझन संपता संपता मे-जूनमध्ये येतात आणि तेव्हा बाहेर नुसता चिखल असतो. स्कीचा सीझन सुरू व्हायच्या आधी ताबा पाहिजे असलेले बायर उन्हाळा-शरदात बघायला येतात, तो काळ साधा.

भाड्याने चालू असेल तर शोइंगसाठी कॅलेंडरमध्ये मुद्दाम मोकळे दिवस ठेवा. पुढच्या बुकिंगचं काय करायचं ते लिस्टिंगच्या आधीच ठरवा, कारण तुमचं लायसन्स विक्रीबरोबर संपणार आणि घेणाऱ्याचं लगेच येईलच असं नाही. क्लोजिंगच्या पुढच्या तारखांची बुकिंग घेणं वेळीच बंद केलेलं बरं, ख्रिसमसचं बुकिंग ऐनवेळी रद्द झालं तर त्या कुटुंबाची सुट्टी वाया जाते.

किंमत ठरवताना डेन्व्हरचा स्क्वेअर फुटाचा भाव लावू नका. त्याच बिल्डिंगमधल्या, जमलं तर त्याच बाजूच्या विक्री बघा. डोंगराकडे तोंड आणि पार्किंगकडे तोंड यात खूप फरक पडतो. घर बहुतेक वेळा फर्निचरसकट विकलं जातं, त्याची यादी वेगळी करा, भांडी, टीव्ही, हॉट टब, स्की लॉकर सगळं, आणि घरी न्यायच्या वस्तू, आजीचं तांब्याचं भांडं असो की देवाची मूर्ती, फोटो काढायच्या आधीच हलवा. नाहीतर फोटोत दिसलं म्हणजे येणार असं घेणारा धरून चालतो आणि शेवटच्या आठवड्यात वाद होतो.

डिस्क्लोजरच्या फॉर्ममध्ये गळती, आइस डॅम, इन्शुरन्स क्लेम सगळं लिहा, दुरुस्तीच्या बिलांसकट. बिल जोडलेला जुना प्रॉब्लेम लोक स्वीकारतात.

टॅक्सचं गणित विक्रीआधी सीपीएकडे करून घ्या. मुख्य घराच्या विक्रीवर मिळणारी २,५०,००० किंवा जोडप्याला ५,००,००० डॉलरची सूट सेकंड होमला मिळत नाही, त्यासाठी मागच्या ५ वर्षांत २ वर्षं तिथे मुख्य घर म्हणून राहिलेलं पाहिजे. भाड्याने दिलं असेल तर घेतलेल्या डेप्रिसिएशनवर (टॅक्समध्ये दरवर्षी वजा केलेल्या घसाऱ्यावर) २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स परत लागतो. १०३१ करायचं तर क्लोजिंगच्या आधी इंटरमीडियरी (मधे पैसे सांभाळणारा) नेमा, पैसे एकदा तुमच्या खात्यात आले की संपलं. नवीन प्रॉपर्टी ४५ दिवसांत लेखी कळवायची आणि १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा.

कोलोराडोबाहेर राहणाऱ्यांचं घर १,००,००० डॉलरच्या वर विकलं गेलं तर टायटल कंपनी राज्यासाठी २ टक्क्यांपर्यंत रक्कम कापू शकते, त्याचा डीआर १०८३ फॉर्म आधीच मागून घ्या. विकणारा टॅक्सच्या दृष्टीने परदेशी असेल, समजा घर भारतातल्या वडिलांच्या नावावर आहे, तर फर्प्टा (परदेशी विकणाऱ्याचा टॅक्स आधीच रोखायचा कायदा) खाली साधारणपणे किमतीच्या १५ टक्के रोखले जातात, नफ्याच्या नव्हे, पूर्ण किमतीच्या, आणि त्यांच्याकडे आयटीआयएन (अमेरिकेतला टॅक्स नंबर) लागतो, तो मिळायला वेळ जातो, लिस्टिंगच्या आधीच अर्ज करा. एच-वन-बी वर राहून तुम्ही टॅक्स रेसिडेंट असाल तर तुम्हाला हा नियम लागत नाही.

क्लोजिंग झालं की लायसन्स टाउनकडून बंद करून घ्या आणि सेल्स टॅक्सचं शेवटचं रिटर्न भरा, खातं उघडं राहिलं तर शून्य उत्पन्नावरही नोटिसा येत राहतात. घर हिवाळ्यात विकलं असेल तर गॅस आणि वीज तुमच्या नावावरून बंद करू नका, घेणाऱ्याच्या नावावर ट्रान्सफर झाल्याचं कन्फर्मेशन हातात येईपर्यंत हीटिंग ५५ फॅरनहाइटवर चालू ठेवा आणि प्लाऊवाल्याचा नंबर त्यांना द्या.